नाव आधी, ओळख नंतर : चिकूच्या बीतल्या पतंगाची गोष्ट



आजचा विषय वाचून दोघा-तिघांनी मला विचारलं, की तत्त्वज्ञानाचा माणूस पतंगावर काय बोलणार? शंका रास्त आहे. मी कीटकशास्त्रज्ञ नाही. पण पालघरचं महाविद्यालय ज्यांच्या नावानं उभं आहे, ते सोनोपंत दांडेकर तत्त्वज्ञानाचेच प्राध्यापक होते, आणि साध्या माणसाला रोज दिसणाऱ्या गोष्टीतून ते थेट ज्ञानेश्वरीपर्यंत जात. माझी झेप तेवढी नाही. मला एका पतंगाच्या निमित्तानं एकच प्रश्न विचारायचा आहे. एखादी गोष्ट आपल्याला 'कळली' असं आपण नेमकं कधी म्हणतो?

मराठीत 'दिसणं' या क्रियापदात दोन अर्थ आहेत. पतंग कसा दिसतो, हा एक. त्यात रंग आला, आकार आला. पतंग कधी दिसला, हा दुसरा. त्यात काळ आला, म्हणजे इतिहास आला. आज मी ज्या किड्याबद्दल बोलणार आहे, त्याच्या बाबतीत या दोन दिसण्यांमध्ये जवळजवळ शंभर वर्षांचं अंतर पडलेलं आहे. त्या अंतराची ही गोष्ट.

किडा कोणता? चिकूची बी पोखरणारा. आपल्या चिंचणी-तारापूरपासून वर डहाणू, बोर्डी, घोलवडपर्यंत चिकूच्या वाड्या आहेत. तिथला बागायतदार याला 'बी पोखरणारी अळी' म्हणतो. म्हणजे नाव दिलंय ते अळीला, पतंगाला नाही. हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

आधी ही अळी करते काय ते पाहू. पतंगाची मादी लहान, कच्च्या फळावर अंडं घालते. त्यातून निघालेली अळी केसाएवढी. ती सालीतून शिरते, गर ओलांडते आणि बीपाशी जाते. आपण चिकू खातो तेव्हा बी काळी, चकचकीत आणि टणक असते. पण फळ कोवळं असताना बीही कोवळी असते. अळी त्या वेळी आत घुसते. पुढं फळ वाढतं, तिनं आत जाताना पाडलेलं भोक भरून येतं. बाहेरून पाहाल तर काही नाही. फळ गोल, साल नितळ, वजन बरोबर. आत बीमध्ये मात्र एक जीव बसून बीचा मगज खातोय. पोट भरलं, वाढ पूर्ण झाली, की ही अळी बीला आतून भोक पाडते, पुन्हा गरातून वाट काढते आणि सालीतून बाहेर पडते. कधी फळ झाडावर असताना, कधी काढल्यावर. मग पानावर जाते, पानाची कड दुमडून घर करते आणि त्या घरात कोशात जाते. काही दिवसांनी त्यातून पतंग निघतो. फळावर उरतं एक भोक. ते फळ बाजारात कुणी घेत नाही.

म्हणजे बघा, शेतकऱ्याला किड्याचं पहिलं दर्शन होतं ते किडा निघून गेल्यावर. भोक दिसतं तेव्हा घर रिकामं झालेलं असतं.

आता आपण मागं जाऊ. १९०५ साली. आणि गंमत अशी की त्यासाठी फार दूर जायला लागत नाही, मुंबईलाच जायचं आहे.

१८८३ साली मुंबईत आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. आठांपैकी सहा युरोपीय, दोन आपले. एक डॉ. आत्माराम पांडुरंग, म्हणजे प्रार्थना समाजाचे संस्थापक, व्याकरणकार दादोबा पांडुरंगांचे बंधू. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, रखमाबाईंचे सावत्र वडील. धर्मसुधारणा, स्त्रीशिक्षण आणि किडे-पाखरं यांत त्या पिढीला भिंती दिसत नव्हत्या, एवढंच जाता जाता सांगतो. या सोसायटीनं १८८६ पासून एक नियतकालिक काढलं, ते आजही निघतं. त्याच्या सोळाव्या खंडात, १९०५ मध्ये, एका इंग्रज शाळामास्तराचा लेख छापून आला. विषय होता हिंदुस्थानातले सूक्ष्म पतंग.

या मास्तराचं नाव एडवर्ड मेरिक. जन्म १८५४, मृत्यू १९३८. इंग्लंडमध्ये मार्लबरो नावाच्या शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवायचा. आणि उरलेल्या वेळात जगभरचे लहान लहान पतंग तपासायचा. लोक त्याला पार्सलनं किडे पाठवत. सिलोनमधून, आसामातून, आफ्रिकेतून, दक्षिण अमेरिकेतून. तो टेबलाशी बसून हातातल्या भिंगानं ते पाहायचा आणि वर्णन लिहायचा. आयुष्यभरात त्यानं नावं दिलेल्या जातींची संख्या वीस हजारांच्या घरात सांगितली जाते. लाखावर नमुन्यांचा त्याचा संग्रह पुढं ब्रिटिश म्युझियमला गेला. तिथं त्याच्या मूळ नमुन्यांची यादी करायला क्लार्क नावाचे एक अभ्यासक बसले, तर तिचे आठ खंड झाले, १९५५ ते १९७० अशी पंधरा वर्षं लागली.

मेरिकच्या पद्धतीचा पाया म्हणजे पंख. पंखांचा रंग, खुणा, त्यांतल्या शिरांची मांडणी. पंख पाहून तो जात ठरवायचा, कुळ ठरवायचा. आज अभ्यासक पतंगाचं पोट उघडून जननेंद्रियांची रचना पाहतात, ते मेरिकला कधी पटलं नाही. त्याच्या टेबलावर येणारा पतंग मेलेला, टाचणीवर टोचलेला असायचा. तो जिवंतपणी कुठल्या झाडावर राहत होता, त्याची अळी काय खात होती, हे बहुतेक वेळा त्या पार्सलात नसायचंच.

तर १९०५ च्या त्या लेखात सिलोनहून आलेल्या एका पतंगाला त्यानं नाव दिलं : ट्रायमॅलिटिस मार्गारिअस. हाच आपला बी पोखरणारा. आता नाव नीट ऐका. मास्तर ग्रीकचा होता. ग्रीकमध्ये 'मार्गारितेस' म्हणजे मोती. पतंग आहेच तसा. बोटाच्या नखावर मावेल एवढा, मोतिया पांढऱ्या पंखांचा, त्यावर गडद खुणा. आणि 'त्रुमालिया' म्हणजे भोक, सुईचं नेढं. दोन्ही शब्दांशी या नावाचं नातं कानाला लगेच जाणवतं. म्हणजे नावाचा अर्थ लावायचा तर काय होतो? वेज पाडलेला मोती!

चिकूच्या बागायतदाराला हे सांगितलं तर तो म्हणेल, साहेबांना सगळं ठाऊक होतं. पण ठाऊक नव्हतं. मेरिकच्या समोर पंख होते. चिकू नव्हता, बी नव्हती आणि बीचं भोकही नव्हतं. नावात सत्य येऊन बसलं आणि नाव देणाऱ्याला त्याचा पत्ता नाही. आपल्याकडे नामरूप असा जोडशब्द आहे, जणू ती जुळी भावंडं. इथं नाव १९०५ मध्ये जन्मलं. रूप मात्र अर्धंच, पंखांपुरतंच.

आता दुसरा धागा. हे झाड कुठलं? चिकू मुळात आपला नाही. तो मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. तिथं त्याच्या चिकाला 'चिक्ले' म्हणतात, एके काळी चघळायचा डिंक त्याचाच व्हायचा. 'सपोटा' हा शब्दसुद्धा तिथल्या नाहुआतल भाषेतल्या शब्दावरून आलेला. स्पॅनिश लोकांनी झाड फिलिपिन्सला नेलं आणि पूर्वेकडून ते इकडं पोहोचलं. आपल्याकडे पहिली लागवड घोलवडला १८९८ साली झाली, असं फळबागांवरच्या पुस्तकांत नोंदलेलं आहे. पुढं इराणी आणि इतर बागायतदारांनी किनाऱ्यालगत वाड्या उभ्या केल्या. कालीपत्ती ही जात रुजली.

पण परक्या झाडाला इथं सोयरे होते. चिकूचं कुळ आणि आपल्या मोहाचं, बकुळीचं, खिरणीचं कुळ एकच. खिरणी म्हणजे गुजरातीत जिला रायण म्हणतात ती. हे नातं नुसतं पुस्तकी नाही. चिकूचं कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात. म्हणजे वर मेक्सिकोचं झाड आणि खाली इथली मुळं. ज्याला आपण आज 'आपला चिकू' म्हणतो, तो अक्षरशः देशी मुळांवर उभा आहे. २०१६ साली 'डहाणू घोलवड चिकू' याला भौगोलिक मानांकन मिळालं. परदेशी झाडाला गावाचं नाव लागलं. नाव मिळायला इथंही एकशे अठरा वर्षं गेली.

आता हिशेब मांडा. झाड १८९८ मध्ये घोलवडला आलं. पतंगाचं नाव १९०५ मध्ये मुंबईत छापून आलं. घोलवड ते मुंबई अंतर सव्वाशे-दीडशे किलोमीटर, आणि आगगाडी तेव्हाही धावत होती. तरी या दोघांची गाठ आपल्या माणसांच्या नजरेसमोर पडली ती २००० सालाच्या आसपास. त्या सुमाराला इकडच्या वाड्यांत चिकूच्या बीतली अळी लक्षात येऊ लागली, नमुने तज्ज्ञांकडे गेले, अळीपासून पतंग वाढवला गेला आणि मग कळलं, अरे, हा तर मेरिकचा मोती.

हे 'अळीपासून पतंग वाढवणं' फार मोलाचं काम आहे. बिहारमधल्या पुसा इथं सरकारी कीटकशास्त्रज्ञ असलेल्या बेनब्रिज फ्लेचर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत तेच केलं. झाडावरून अळ्या आणायच्या, त्यांना खायला घालायचं, पतंग निघाला की नोंद करायची. फ्लेचर आपले पतंग नाव द्यायला मेरिककडेच पाठवत. एक नाव देणारा, दुसरा जीवनकथा लिहिणारा. ज्ञानाला हे दोन्ही हात लागतात.

चिकूवर आणखी एक लहान पतंग आहे, कळ्या पोखरणारा. त्याचं नाव अनार्सिया अक्रासेल्ला. ब्रॅडली यांनी ते १९८१ मध्ये दिलं. 'अक्रास' हे चिकूचं जुनं शास्त्रीय नाव. म्हणजे इथं नावातच झाडाचा पत्ता आहे. नाव ऐकलं की कुठं शोधायचं ते कळतं. मोत्याचं नाव सुंदर आहे, पण त्यात पत्ता नाही. सुंदर नाव आणि उपयोगी नाव यांतला हा फरक मला विचार करण्याजोगा वाटतो.

आता थोडं न्यायशास्त्राकडे येतो. घाबरू नका, सोपं आहे.

न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतले दोन आपल्या कामाचे. कारण पाहून कार्य ओळखणं म्हणजे पूर्ववत्. ढग दाटले, पाऊस येणार. कार्य पाहून कारण ओळखणं म्हणजे शेषवत्. जुन्या टीकाकारांचं उदाहरण नदीच्या पुराचं. आपल्याकडचं सांगायचं तर सूर्या नदी गढूळ होऊन फुगली, की आपण म्हणतो, वर जव्हारकडे पाऊस झाला. पाऊस आपण पाहिलेला नसतो.

चिकूचं भोक पाहून 'आत अळी होती' म्हणणं हे शेषवत् अनुमान. बरोबर आहे, पण उशिराचं आहे. अळी गेली, फळ गेलं. पानाच्या दुमडलेल्या कडेत कोश पाहणं, पानामागं बसलेला पांढुरका पतंग पाहणं आणि 'आता लहान फळं सांभाळली पाहिजेत' हे ओळखणं, हे पूर्ववत् अनुमान. ते वेळेवरचं आहे. पण त्यासाठी पतंग कसा दिसतो हे ठाऊक हवं. अळीला नाव देऊन भागत नाही. फवारा मारला तरी बीतल्या अळीपर्यंत औषध पोहोचत नाही. म्हणून तर खाली पडलेली आणि भोकं पडलेली फळं गोळा करून नष्ट करा, दाट वाड्यांत छाटणी करून ऊन-वारा खेळू द्या, असे उपाय सांगितले जातात. हे सगळे उपाय पाहणाऱ्या माणसावर उभे आहेत.

शेषवत् अनुमानाची दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. एकाच कार्याला अनेक कारणं असू शकतात. नदी फुगली ती पावसानं की धरणाचे दरवाजे उघडल्यानं? इथं विषय आपल्या अंगणात येतो.

आपला पट्टा कसा आहे पाहा. १९६९ मध्ये तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं. पुढं बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली. १९९१ मध्ये केंद्र सरकारनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. त्याच दशकात डहाणूला ५०० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्रही आलं. तेव्हापासून चिकूचं उत्पन्न घटलं, फळ गळलं, की वाद सुरू होतो. कुणी म्हणतं धूर आणि राख. कुणी म्हणतं झाडं म्हातारी झाली. कुणी बुरशी म्हणतं, कुणी बदललेला पाऊस. आणि कुणी म्हणतं किडा.

यांतलं कुणी खोटं बोलतंय असं मला म्हणायचं नाही. प्रत्येक जण आपल्याला ठाऊक असलेलं कारण पुढं करतो, एवढंच. पण म्हणूनच या किड्याची नेमकी ओळख हा न्यायाचा प्रश्न होतो. ज्याला त्याचं रूप ठाऊक नाही, तो दोन्हीकडून फसेल. किड्याचं पाप धुराच्या माथी मारेल, किंवा धुराचं पाप कुणी किड्याच्या माथी मारलं तर ते मुकाट मान्य करेल. बी फोडून पाहिली आणि आत पोखरलेला मगज मिळाला, तर निदान त्या एका फळाचा निवाडा झाला. बी धड निघाली आणि तरी फळ गळलं, तर दुसरं कारण शोधा. टोपलीभर फळं अशी फोडून मोजली, तर वादात पुरावा येतो. नैयायिक ज्याला लिंग म्हणतात, म्हणजे हेतू, खूण, ती तुमच्या हातात आहे. फक्त फळ फोडायला हवं.

आता, फोडणार कोण? पाहणार कोण?

वाडीत रोज झाडाखाली कोण असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. काठीला बांधलेल्या जाळीनं फळ उतरवणारे, निवडणारे, धुणारे हात बहुतांशी आदिवासी कुटुंबांचे आहेत. वारली, दुबळा, धोडी. या भागात वेठ होती, १९४५ मध्ये तिच्याविरुद्ध वारल्यांनी उठाव केला, तो इतिहास मी इथं पुन्हा सांगत नाही. पण एक धागा उचलतो. वेठीत माणसाचे हात घेतले जातात, डोळे कुणी मागत नाही. काय पाहिलंस, असं त्याला कुणी विचारत नाही. मला वाटतं वेठ गेली तरी ही सवय पुरती गेलेली नाही. चिकूचं भोक पहिल्यांदा कुणी पाहिलं असेल? ज्याच्या हातात पहिल्यांदा फळ आलं त्यानंच ना? पण शास्त्राच्या नोंदीत नाव येतं ते टेबलाशी बसलेल्याचं.

मेरिकवर माझा राग नाही. त्यानं नाव दिलं नसतं तर आपल्याकडच्या अळीची गाठ सिलोनच्या पतंगाशी कशी पडली असती? नावामुळेच दूरदूरची पाहणी एका धाग्यात ओवता येते. नाव नसलेली नजर एकाकी पडते, ती मेली की तिचं पाहणंही जातं. पण नजर नसलेलं नाव कपाटात पडून राहतं. आपलं हे नाव ९५ वर्षं तसंच पडून होतं.

यावर उपाय काय, तर तो आपल्याच जिल्ह्यात कुणीतरी करून दाखवला आहे. ताराबाई मोडक बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. त्यांच्या लक्षात आलं की वारल्यांची मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती गुरं राखायला जातात. मग त्यांनी शाळाच कुरणात नेली. ती कुरणशाळा. पानं, बिया, शंख, खडे हीच शिकवायची साधनं. मूल जे रोज पाहतं त्याला शब्द द्यायचा, आणि जो शब्द द्यायचा तो त्याच्या पाहण्यातला. नामरूपाची फारकत होऊ नये याची याहून चांगली व्यवस्था मला माहीत नाही. त्याच कोसबाडला आज कृषी विज्ञान केंद्र आहे, हे विशेष.

मघाशी चिठ्ठी आली, एका बाईंनी विचारलंय : 'सर, आमची वाडी विकली, मुलगा बोईसरला कंपनीत आहे. आम्ही हे कशाला शिकायचं?'

प्रश्न कडू आहे, पण खरा आहे. वाड्या कमी होतायत. त्यांत काम करणारी पोरं सकाळी बोईसरच्या गाडीत बसतात, त्यांना तिथं पगार बरा मिळतो. त्यांना थांबवण्याचा अधिकार मला नाही, आणि गरिबीला संस्कृती म्हणून मिरवण्याची मला हौसही नाही. पण बाई, तुमची वाडी गेली म्हणून तुमची नजर गेलेली नाही. फळ हातात घेतल्याबरोबर त्यातलं खोट-खरं तुम्हाला कळतं. शेजारच्या वाडीवाल्याला ते कळत नसेल. ज्यानं वाडी घेतली त्याला तर नाहीच कळणार. ही नजर एका पिढीत हरवू शकते, आणि मग पुढच्या वादात पुरावा द्यायला कुणी उरणार नाही. तेव्हा धूर की किडा, हे ज्याचा आवाज मोठा तोच ठरवेल. म्हणून शिकायचं, आणि शिकवायचंही.

एक काम सांगून थांबतो. या हंगामात चिकू खाल तेव्हा बी फेकायच्या आधी नखानं उलटून पाहा. भोक आहे का? असेल तर तारीख आणि गाव वहीत लिहा. ज्यांची वाडी आहे त्यांनी पानाची दुमडलेली कड शोधा, ती काचेच्या बरणीत ठेवा, वर फडकं बांधा, आणि पतंग निघेपर्यंत रोज पाहा. मोतिया पांढरा, नखाएवढा. आणि तो निघाला की वाडीत काम करणाऱ्या माणसाला बोलावून दाखवा, त्याला विचारा, हा तू आधी कुठं पाहिलायस का? तो काय सांगेल ते लिहून घ्या, आणि त्यापुढं त्याचंच नाव लिहा.

पुढच्या वेळी प्रश्नोत्तरं आधी घेऊ, म्हणजे चिठ्ठ्या साठणार नाहीत.